एक बटाटा, एक रताळे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी लागायला चार दिवस उरले होते आणि मी वरच्या वर्गाला दुसरे महायुद्ध शिकवीत होतो. मुलांचे निम्मे लक्ष फटाक्यांकडे होते आणि खरे सांगायचे तर माझेही पुस्तकात नव्हते. पर्ल हार्बरचे प्रकरण मी तीन वाक्यांत उरकले. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी हवाई बेटांतल्या त्या बंदरावर अचानक झडप घातली. २,४०३ अमेरिकन माणसे मेली. अमेरिका युद्धात उतरली. मी पुढच्या मुद्द्याकडे वळणार तोच शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"सर, त्या विमानांचा म्होरक्या कोण होता? आणि त्याचा सूड कोणी उगवला?"

मला उत्तर येईना. 'उद्या सांगतो' म्हणून मी वेळ मारून नेली. अशा 'उद्या'च्या भरवशावर आम्हा मास्तरांची अर्धी अब्रू टिकून असते! पण त्या संध्याकाळी मी खरोखरच पुस्तके घेऊन बसलो, आणि ते वाचन पुढे कित्येक आठवडे संपले नाही. उत्तर सापडले. मुलाला हवे होते तसले ते नव्हते आणि मला तर ते मुळीच सोयीचे नव्हते. कारण त्या दिवसांत मी स्वतः एक सूड पोसून होतो.

आमचे घर कोकणातले. कोकणात भाताला राब लागतो, माडाला शिंपणे लागते. भाऊबंदकीला काहीच लागत नाही, ती आपोआप वाढते. आमच्या आणि चुलत्यांच्या आगरामधल्या गडग्याला लागून एक कापा फणस होता. माझ्या वडिलांनी तो लहानपणी आपल्या हाताने लावला होता. एके सकाळी माझ्या चुलतभावाने माणसे लावून तो तोडला. वडील ओसरीवर बसून पाहत होते. ते एक शब्द बोलले नाहीत. त्याच पावसाळ्यात ते गेले. फणस तोडल्याने माणूस मरत नाही हे मला कळते. पण मनाला कोण समजावणार? ज्याला जन्मभर 'दादा' म्हटले त्याचे नाव घरात निघाले की मी पानावरून उठू लागलो. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला कचेरीत कसे खेचायचे, चार माणसांत त्याला मान खाली कशी घालायला लावायची, याचे बेत मी रचीत असे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला बेत रचायला काय उशीर!

राग निराळा आणि सूड निराळा. रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा तापट स्वभाव लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त मोकळ्या मनाने रंगवला आहे. तो वाचताना आपण हसतोही, आणि त्या माउलीच्या सोशिकपणापुढे मान तुकवतोही. पण टिळकांचा राग म्हणजे गवताची आग. भडकली तशी विझली. सूड हा भाताच्या तुसात ठेवलेला विस्तव. वरून धग लागत नाही, आत मात्र तो दिवसेंदिवस धुमसत असतो. ख्रिस्ती धर्मग्रंथांत रागाला जागा आहे. खुद्द येशूने देवळात बाजार मांडणाऱ्यांवर आसूड उगारला होता. पण प्रेषित पौलाने रागाला मुदत घालून दिली आहे ती एका दिवसाची, दिवेलागणीपर्यंतची. त्यापुढे ठेवलेला राग राग राहत नाही. माझ्या रागाने तोवर दोन पावसाळे पाहिले होते.

असो. आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू.

जेकब डीशेझर हा अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या शेतकरी कुटुंबातला मुलगा. जन्म १५ नोव्हेंबर १९१२. तो ज्या गावात वाढला त्याचे नाव ऐकून आपल्याला मौज वाटेल. त्या गावाचे नाव होते मद्रास! घरची माणसे मोठी भाविक, पण जेकबचे मन काही प्रार्थनेत रमले नाही. १९४० साली तो सैन्याच्या विमानदळात भरती झाला. पर्ल हार्बरच्या दिवशी तो छावणीच्या भटारखान्यात बटाटे सोलीत बसला होता. बातमी कानावर पडली मात्र, त्याने हातातला बटाटा समोरच्या भिंतीवर भिरकावला आणि जपान्यांना याची किंमत मोजायला लावू म्हणून तो ओरडला. तो बटाटा म्हणजे त्याच्या सूडाचा पहिला बॉम्ब!

खरा बॉम्ब टाकायची संधी त्याला साडेचार महिन्यांत मिळाली. जपानच्या घरात घुसून तडाखा द्यायचा, या हेतूने कर्नल जेम्स डूलिटल यांनी एक अचाट बेत आखला. 'हॉर्नेट' या विमानवाहू नौकेवरून १६ बॉम्बफेकी विमाने उडवायची, प्रत्येकात ५ माणसे, एकूण ८०. नौकेवर परत उतरणे या अवजड विमानांना शक्य नव्हते. बॉम्ब टाकून पुढे चीन गाठायचा, असे ठरले. डीशेझरने आपण होऊन नाव दिले. १८ एप्रिल १९४२ रोजी एका जपानी टेहळणी बोटीने नौका पाहिली, म्हणून विमानांना ठरल्या वेळेच्या आधीच, ठरल्यापेक्षा बऱ्याच दुरून उडावे लागले. डीशेझरचे विमान सर्वांत शेवटचे, सोळावे. त्याने नागोया शहरावर आगीचे बॉम्ब टाकले. मग तेल संपत आले. रात्रीच्या अंधारात पाचही जणांनी चीनच्या भूमीवर छत्रीने उड्या टाकल्या. तो मुलूख जपान्यांच्या ताब्यातला होता. पाचही पकडले गेले.

इथे थोडे थांबून एक हिशेब मांडला पाहिजे. तो शाळेच्या पुस्तकात नसतो. त्या हल्ल्यात जपानमध्ये सुमारे ५० माणसे मेली. अमेरिकेला मोठा धीर आला. पण अमेरिकन वैमानिकांना चिनी खेडुतांनी आसरा दिला, म्हणून जपानी फौजांनी झेजियांग आणि जियांग्शी या प्रांतांत जी कत्तल आरंभली, तिच्यात अडीच लाखांपर्यंत चिनी माणसे मारली गेली असावीत असा अंदाज आहे. पर्ल हार्बरचा सूड अमेरिकेने जपानवर घेतला आणि त्या सूडाचा सूड जपानने चीनच्या शेतकऱ्यांवर घेतला. ज्याने दगड मारला त्यालाच तो परत लागतो असे नाही. वाटेत जो उभा असेल त्याचे कपाळ फुटते. आमच्या घरीही माझ्या आणि दादाच्या वैरात खरी कोंडी झाली ती दोन्ही घरच्या बायकांची. एका विहिरीवर जायचे आणि एकमेकींकडे पाहायचे नाही!

डूलिटलच्या माणसांपैकी ८ जण जपान्यांच्या हाती लागले. त्यांचा छळ झाला. खटल्याचा नुसता देखावा करून तिघांना १५ ऑक्टोबर १९४२ रोजी गोळ्या घातल्या. त्यांत डीशेझरच्या विमानाचा वैमानिक फॅरो हाही होता. उरलेल्यांना जन्मठेप दिली. डीशेझरने एकूण ४० महिने कैद भोगली, त्यांतले ३४ महिने एकांतवासाचे. एक लहानशी कोठडी, पोटाला अपुरे, अंगाला कधी असह्य थंडी तर कधी असह्य उकाडा. १ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचा एक सोबती मेडर उपासमारीने आणि आजाराने कोठडीतच मेला. डीशेझरने पुढे स्वतःच सांगितले आहे की, त्या काळात पहारेकऱ्यांच्या द्वेषाने आपण वेडे होण्याच्या बेतास आलो होतो.

मेडरच्या मृत्यूनंतर कैद्यांना थोडे बरे अन्न आणि वाचायला काही पुस्तके मिळू लागली. त्यांत एक बायबल होते. ते आळीपाळीने फिरत १९४४ च्या मे महिन्यात डीशेझरच्या कोठडीत आले, तीन आठवड्यांच्या बोलीवर. कोठडीत उजेड जेमतेम. त्या उजेडात त्याने ते ग्रंथ अधाश्यासारखे वाचले, पुन्हा वाचले, जमतील तेवढे उतारे पाठ केले. तीन आठवड्यांनी पुस्तक जाणार होते. पाठ झालेले कोण नेणार?

त्याने काय वाचले? क्रुसावर खिळले असताना येशूने आपल्याला खिळणाऱ्यांसाठीच देवाजवळ क्षमा मागितली. आपण काय करतो आहोत हे त्या बिचाऱ्यांना समजत नाही, असा त्यांचा कैवार घेतला. शिवाय त्या ग्रंथात येशूने सांगितलेली एका चाकराची गोष्ट आहे. त्या चाकराला धन्याचे एवढे देणे होते की सात जन्मांत फिटू नये. धन्याला दया आली आणि त्याने ते सगळे सोडून दिले. बाहेर पडल्याबरोबर ह्या चाकराला आपला एक क्षुल्लक देणेकरी भेटला, तर याने त्याचा गळाच धरला! धन्याला हे कळले तेव्हा काय झाले हे सांगायला नको. ख्रिस्ती क्षमेचे मर्म मला या गोष्टीत सापडले. मी मोठा, मी उदार, म्हणून मी तुला क्षमा करतो, असा तोरा इथे नाही. मी स्वतःच देणेकरी आहे, माझे देणे कोणी तरी सोडले आहे, मग मी तुझ्या मानगुटीस कोणत्या तोंडाने बसू? नागोयावर आग टाकून आलेल्या माणसाला ही गोष्ट आपलीच वाटली असेल तर नवल नाही. ८ जून १९४४ रोजी, त्या कोठडीत, त्याने येशूला शरण जाऊन आपल्या पापांची क्षमा मागितली.

एखाद्या कीर्तनकाराने आख्यान इथेच संपवले असते. पण मला खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते असे वाटते. कारण कोठडी तीच, पहारेकरीही तेच!

एके दिवशी एका पहारेकऱ्याने त्याला घाई करीत कोठडीत ढकलले आणि दार आपटले. डीशेझरचा अनवाणी पाय दारात चिरडला. दार मागे घेण्याऐवजी त्या शिपायाने खिळ्यांच्या बुटाने त्या पायावर लाथा हाणल्या. कसाबसा पाय सोडवून तो आत बसला तेव्हा ब्रह्मांड आठवले होते आणि जुना द्वेष उसळून वर आला होता. त्याच वेळी त्याला पाठ केलेले आठवले, वैऱ्यावर प्रीती करावी ही येशूची आज्ञा. वाचताना गोड वाटलेली ती आज्ञा आता पायाच्या ठणक्यासमोर उभी होती. पाळायची की नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पहारेकरी दाराशी आला तेव्हा डीशेझरने त्याला जपानी भाषेत सुप्रभात घातले. पहारेकरी चक्रावला. एवढ्या एकांतवासाने याचे डोके फिरले, असेच त्याला वाटले असणार. डीशेझरने रोज सकाळी तोच क्रम ठेवला; दोन शब्द बोलायचे, घरची विचारपूस करायची. काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी तो पहारेकरी दाराशी आला आणि त्याने डीशेझरच्या हातावर एक उकडलेले रताळे ठेवले.

वाचकहो, उपाशी माणसाच्या हातातले रताळे म्हणजे काय, हे एकादशीच्या रताळ्यावरून आपल्याला कळायचे नाही. पर्ल हार्बरच्या दिवशी भिंतीवर फेकलेला तो बटाटा मला इथे आठवला. युद्धाच्या इतिहासात नौका आणि तोफा मोजतात. बटाटा आणि रताळे कोणी मोजीत नाही. पण एका माणसाच्या मनात जे युद्ध झाले त्याचा आरंभ आणि शेवट या दोन कंदमुळांत सापडतो.

२० ऑगस्ट १९४५ रोजी डीशेझर सुटला. १९४६ साली शांघायमध्ये संबंधित जपानी अधिकाऱ्यांवर खटला चालून त्यांना सक्तमजुरीच्या शिक्षा झाल्या. हे आवर्जून सांगतो, कारण क्षमा म्हणजे अन्यायावर पांघरूण, असा पुष्कळांचा समज असतो. न्यायाचे काम न्यायासनाने करावे आणि अखेरचा हिशेब देवाने पाहावा. आपल्या काळजात मात्र फाशीचा खांब उभारू नये, असा ख्रिस्ती शिकवणीचा रोख आहे. डीशेझरने कॉलेजात शिक्षण पुरे केले आणि १९४८ च्या डिसेंबरात तो पत्नीसह जपानला परत गेला. या खेपेला धर्मोपदेशक म्हणून. आपण जपानचे कैदी कसे होतो आणि आपला द्वेष कसा गेला, याची त्याने लिहिलेली छोटी पुस्तिका जपानी भाषेत लाखोंनी वाटली गेली.

आता येतो तो म्होरक्या. त्याचे नाव मित्सुओ फुचिदा. जन्म १९०२, नारा प्रांतातला. पर्ल हार्बरवरच्या विमानांच्या पहिल्या लाटेचे नेतृत्व त्याने केले. छापा साधल्याची 'तोरा, तोरा, तोरा' ही खूण त्याच्याच विमानातून गेली. 'तोरा' म्हणजे वाघ. युद्ध संपले तेव्हा हा वाघ बेकार झाला. गावी जाऊन तो शेती करू लागला. जेत्यांनी चालवलेल्या खटल्यांत साक्षीला जावे लागे, त्याने तो आणखीच कडवट होई. अमेरिकनांनीही आमच्या कैद्यांचे हालच केले असतील, याचे पुरावे गोळा करायचे असे त्याने मनाशी घेतले आणि परत येणाऱ्या कैद्यांना तो गाठू लागला. तिथे त्याला मिडवेच्या लढाईत मेला असे समजलेला जुना सहकारी कानेगासाकी भेटला. त्याने हालांची कथा सांगितली नाही. सांगितली ती पेगी कोव्हेल नावाच्या एका अमेरिकन मुलीची.

पेगीचे आईवडील मिशनरी होते. त्यांनी जपानमध्ये वर्षानुवर्षे शिकवले होते. १९४३ च्या डिसेंबरात फिलिपिन्समध्ये जपानी सैनिकांनी त्या दोघांना ठार केले. आणि ही मुलगी अमेरिकेतल्या छावणीत जपानी कैद्यांची शुश्रूषा करीत होती! कैद्यांनी कारण विचारले तेव्हा तिने सांगितले की, तुमच्या सैन्याने माझ्या आईवडिलांना मारले, म्हणून. आधी तीही द्वेषाने जळत होती. पण मरताना आपल्या आईवडिलांनी मारणाऱ्यांसाठीच प्रार्थना केली असणार, हे मनात आल्यावर तिला दुसरी वाट उरली नाही.

फुचिदा सामुरायांच्या परंपरेत वाढलेला. बापाच्या खुन्याला गाठून मारणे हे तिथे मुलाचे कर्तव्य मानीत. जुन्या जपानात त्याला राजमान्यताही होती. त्याला ही गोष्ट उलगडेना. आपल्याला ती त्या मानाने लवकर उलगडावी. भागवतातली द्रौपदी आठवा. पाच मुलगे झोपेत कापले गेलेले, अश्वत्थामा दोरखंडांनी बांधून पुढ्यात आणलेला; आणि ती म्हणते, याला सोडा, मी रडते तशी याची आई रडू नये. काळ निराळे, धर्म निराळे. पण आईच्या पोटाला सूडातला फोलपणा समजतो तो बहुधा एकाच रीतीने.

पुढे तोक्योच्या शिबुया स्टेशनात फुचिदाच्या हातात कोणी तरी एक पुस्तिका दिली. ती डीशेझरची होती. ती वाचून त्याने बायबल विकत घेतले. १९४९ साली लूकच्या शुभवर्तमानातला तोच क्रुसाचा प्रसंग त्याने वाचला आणि पेगीच्या वागण्याचा उगम त्याला तिथे सापडला. तो ख्रिस्ती झाला. १९५० साली तो आणि डीशेझर समोरासमोर भेटले. एक पर्ल हार्बरवर विमाने नेणारा, दुसरा त्या दिवशी बटाटा फेकून सूडाची आण घेणारा. पुढे दोघे एकाच व्यासपीठावरून बोलले. फुचिदाच्या काही युद्धकथा इतिहासकारांनी नंतर तपासल्या आणि त्यांत पदरचे मीठमसाले पुष्कळ आढळले, हेही सांगितले पाहिजे. पण १९७६ साली मरेपर्यंत तो जन्मभर उपदेश करीत हिंडला, हे काही मीठमसाल्याचे नव्हे. आणि डीशेझर? १९५९ साली तो एका शहरात चर्च उभारायला गेला. ते शहर होते नागोया. ज्या घरांवर एकदा आकाशातून आग टाकली होती, त्यांच्या दारांशी तो आता पायी गेला. २००८ च्या मार्चमध्ये, ९५ वर्षांचा होऊन, तो ओरेगनमध्ये वारला.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी त्या मुलाला हे सगळे सांगितले. सूड कोणीच उगवला नाही, हे ऐकून त्याचा चेहरा पडला. मग थोडा विचार करून त्याने विचारले, "सर, पहिल्याच दिवशी रताळे मिळाले का?"

"नाही रे. बरेच दिवस नुसते सुप्रभात."

"आणि मिळालेच नसते तर?"

पोरे असे प्रश्न विचारतात आणि आपण मास्तर म्हणून उभे असतो! मी म्हटले, "तरी त्याने सुप्रभात घातलेच असते, असे मला वाटते." म्हटले खरे, पण ते वाक्य माझ्यामागे घरापर्यंत आले. मी ख्रिस्ती नाही. पण दिवेलागणीपर्यंतची ती मुदत मला टोचू लागली. दादाने फणस तोडला ती चूकच. ती मी आजही बरोबर म्हणणार नाही. पण त्याच्या लग्नाच्या वयातल्या मुलीचे स्थळ माझ्या एका कुत्सित शब्दाने मोडले होते, हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो. माझ्याही नावावर एक नागोया होते.

गेल्या दिवाळीत मी पत्नीला फराळाचे एक ताट भरायला सांगितले आणि ते स्वतः घेऊन गडगा ओलांडला. दादाने दार उघडले. तो काही बोलला नाही. ताट घेतले आणि आत गेला. मुलीच्या स्थळाबद्दल जे बोलायचे होते ते माझ्याही ओठांपर्यंत येऊन परत गेले. संध्याकाळी ताट परत आले, घासून पुसून स्वच्छ केलेले. दुसऱ्याचे ताट रिकामे परत पाठवू नये असा आपल्याकडचा रिवाज. हे रिकामे होते. मला वाईट वाटले, राग तर आलाच. पण दिवेलागण झाली आणि मी तो राग तिथेच ठेवला.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे चकल्या तळून झालेल्या असतील. यंदाही ताट भरणार आहे, आणि यंदा ते बोलायचे राहिलेलेही बोलणार आहे. काय परत येते ते पाहू. नाही आले तर पुढच्या वर्षी आहेच.